मापाची वही

मागच्या वेळी पासवर्डविषयी लिहिलं, तेव्हा दोन काकूंचे फोन आले. "आमचा पासवर्ड तुला कसा रे कळला?" कळला नाही हो काकू, पण तो कॅलेंडरच्या मागे लिहिलेला असतो एवढं सगळ्या मंडळाला माहीत आहे. असो. या वेळचा विषय कॉम्प्युटरचा नाही. कॉम्प्युटरसमोर जो बसतो, त्याचा आहे.

यंदा धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, डिसेंबरातलं. ठरल्या दिवशीच आमच्या नानांनी जाहीर करून टाकलं की सगळे काय घालायचे ते घाला, पण भावाचा कोट मी शिवणार. नाना म्हणजे माझे वडील. ज्यांना बडी चावडीची जुनी दुकानं आठवतात, त्यांना कदाचित ते आठवतील. तिथे एका गल्लीत चाळीस वर्षं त्यांचं शिवणाचं दुकान होतं. रेडीमेडने गिऱ्हाईक ओढलं, दुकान बंद झालं. पायाचं मशीन मात्र काचीगुड्याच्या घरी मागच्या खोलीत आलं आणि अजून चालू आहे. नाना आता एकोणसत्तर वर्षांचे आहेत.

तर जुलैतल्या एका रविवारी नानांनी गळ्यात टेप अडकवली आणि मला खिडकीसमोर उभं केलं.

"सरळ उभा राहा."

"सरळच उभा आहे नाना."

ते काही बोलले नाहीत. पाठीचं माप घेतलं, परत घेतलं, मग टेप उलटी धरून तिसऱ्यांदा घेतलं. मी म्हटलं, टेप जुनी झाली असेल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की टेपविषयी मी पुन्हा बोललो नाही. मग कपाटातून लाल कापडी बांधणीची लांबट वही काढली. दुकानाच्या बाकी वह्या रद्दीत गेल्या, ही एकच ठेवली, कारण हिच्या शेवटच्या पानांवर घरच्यांची मापं आहेत. माझं पहिलं माप मुंजीचं. नंतर दर दिवाळीचं. मग २००९ चं, कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी शिवलेल्या कोटाचं. मग २०१५ चं, माझ्या लग्नाचं.

मी इंजिनियर माणूस. वीस वर्षांचा डेटा कोणी समोर ठेवला तर मला गप्प बसवत नाही. मोबाइलवर तक्ता करायला घेतला. २००९ मध्ये माझी छाती होती ३७ इंच, आता ४१. इथवर ठीक आहे, वजन वाढलंय, बायको रोज सांगते. पण पुढच्या बाजूने एका मुंढ्यापासून दुसऱ्या मुंढ्यापर्यंतची रुंदी तेव्हा १५ होती, ती आता साडेचौदा. पाठीमागची रुंदी १६ होती, ती सव्वासतरा. मानेच्या मणक्यापासून कंबरेपर्यंत पाठीची लांबी १७ होती, ती पावणेअठरा. आणि पुढची लांबी उलट अर्ध्या इंचाने कमी. म्हणजे माणूस चार इंचांनी जाड झाला, पोट पुढे आलं, तरी पुढचं कापड कमी लागायला लागलं आणि मागचं जास्त. पोटामुळे हे होत नाही. पोटाने पुढची लांबी वाढायला हवी.

"नाना, असं कसं?"

"असंच असतं," नाना म्हणाले. "तू पुढे मिटत चाललायस आणि मागे उघडत."

मग त्यांनी एक खूण दाखवली. माझ्या नावापुढे धनुष्यासारखी छोटी वाकडी रेघ. दुकानात असताना ज्या गिऱ्हाइकाची पाठ झुकलेली, त्याच्या मापापुढे ते ही खूण करत. कारण अशा माणसाला सरळ बेताचा कोट कापला तर कॉलर मानेपासून सुटते, मागचा घेर वर उचलला जातो आणि पुढची टोकं खाली लोंबतात. त्याला पाठीत जास्त कापड द्यावं लागतं आणि पुढून काढून घ्यावं लागतं. नाना सांगायला लागले की थांबत नाहीत. सोनार, कारकून, घड्याळवाले, सगळे धनुष्याचे. बसच्या कंडक्टरचा एक खांदा बॅगेने उतरलेला. "माप घेतलं की माणूस काय काम करतो ते अर्धं कळतं," ते म्हणाले. मी गंमत म्हणून ऐकत होतो, आणि ऐकता ऐकता लक्षात आलं की माझ्या नावापुढची ती खूण आजची नाही. शाई जुनी होती. ती २०२१ च्या शर्टाच्या मापापुढे होती.

"तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग बोलला नाहीत?"

"गिऱ्हाइकाला त्याच्या अंगाचा दोष सांगायचा नसतो. कापडात सांभाळून घ्यायचा असतो."

मी गिऱ्हाईक नाही, मुलगा आहे, हे मी बोललो नाही. कारण मीही एक गोष्ट लपवत होतो. मार्चपासून माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट रात्री बधिर व्हायचं. मुंग्या यायच्या. मानेपासून खांद्यापर्यंत एक ओढ तर गेली दोन-तीन वर्षं होतीच. घरात कोणाला सांगितलं नव्हतं. टीममध्ये तर नाहीच, कारण आमच्याकडे त्या वेळी कोणाला ठेवायचं आणि कोणाला सोडायचं याची यादी चालू होती, आणि हात दुखतो असं सांगणारा कोडर होण्याची माझी इच्छा नव्हती. छत्तीस वर्षांचा आहे, घराचे हप्ते अजून अकरा वर्षं आहेत. हात म्हणजेच माझं मशीन.

बायकोला त्या रविवारी सगळं कळलं (मागच्या खोलीतलं बोलणं स्वयंपाकघरात ऐकू जातं, हे चाळीस वर्षांत नानांनाही कळलेलं नाही) आणि मंगळवारी मी हाडांच्या डॉक्टरांसमोर होतो.

एक्स-रे निघाला. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की मानेचा नैसर्गिक बाक सरळ झाला आहे. हे वाक्य मी लिफ्टमध्येच गूगल केलं आणि तळमजल्यापर्यंत येईतो माझी दोन ऑपरेशनं झालेली होती. डॉक्टर शांत होते. म्हणाले, हे मानेच्या पुष्कळ एक्स-रेंमध्ये दिसतं, ज्यांना काही दुखत नाही अशांच्याही. बोटांसाठी त्यांनी कोपर तपासलं. करंगळीकडे जाणारी नस कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या खोबणीतून जाते. कोपर आपटलं की झिणझिण्या येतात ना, तीच. मी दिवसभर खुर्चीच्या हातावर ते कोपर टेकवून बसतो आणि रात्री तेच कोपर पूर्ण दुमडून मोबाइल तोंडासमोर धरतो. नस दोन्ही पाळ्यांत दाबली जात होती. हातात अशक्तपणा आला नव्हता, म्हणून त्यांनी औषधापेक्षा फिजिओथेरपीकडे पाठवलं. हे मुद्दाम लिहितोय: बधिरपणा असेल, पकड ढिली होत असेल, तर आधी डॉक्टर. यूट्यूब नंतर.

फिजिओथेरपिस्ट बाई आमच्याच भागातल्या, तेलुगू. अस्सल हैदराबादी हिंदीत बोलतात. मला भिंतीला पाठ लावून उभं केलं. टाचा, पार्श्वभाग, पाठ, सगळं भिंतीला लागलं, डोकं लागेना. लावायला गेलो तर हनुवटी आकाशाकडे. मग पाठीवर, खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मधे, त्यांनी बोट ठेवलं. मी ओरडलो. मग पुढे, गळपट्टीच्या हाडाखाली छातीत बोट ठेवलं. तिथे तर मी उडालोच, आणि तिथे दुखतं हे मला माहीतही नव्हतं.

"दुखता पीछे है, पकड के रखा सामने से," बाई म्हणाल्या.

हे मला नीट समजून घ्यायचं होतं, म्हणून मी प्रश्न विचारत सुटलो आणि त्यांनीही कंटाळा केला नाही. स्नायू म्हणजे रबर नव्हे. त्याच्या आत एकाला एक जोडलेल्या अगदी सूक्ष्म पेट्या असतात, सार्कोमिअर म्हणतात त्यांना. काचीगुडा स्टेशनवर गाडीचे डबे जोडलेले असतात तसं समजा. स्नायू आखडतो म्हणजे प्रत्येक डबा थोडा थोडा आखडतो. आता एखादा स्नायू कायम आखूड स्थितीतच ठेवला, तर शरीर म्हणतं एवढे डबे हवेत कशाला? १९७२ मध्ये शास्त्रज्ञांनी मांजरांच्या पोटरीतला एक स्नायू प्लास्टर घालून आखूड अवस्थेत ठेवला, तेव्हा काही आठवड्यांत त्यातले जवळजवळ ४० टक्के सार्कोमिअर कमी झाले. ताणलेल्या अवस्थेत ठेवला, तर उलट सुमारे २० टक्के वाढले. आणि प्लास्टर काढल्यावर काही आठवड्यांत संख्या पुन्हा पहिल्यासारखी झाली. हे शेवटचं वाक्य मी बाईंकडून दोनदा वदवून घेतलं.

अर्थात ऑफिसची खुर्ची म्हणजे प्लास्टर नव्हे. मी चहाला उठतो, मेट्रोत उभा असतो, अमीरपेटला गाडी बदलताना तर अक्षरशः धावतो. त्यामुळे मांजराचा हिशेब जसाच्या तसा मला लागू होत नाही. पण दिशा तीच. कीबोर्डवर हात पुढे, खांदे पुढे, मान पुढे, रोज नऊ-दहा तास. त्यात २०२० पासूनची दोन वर्षं तर पलंगावर लॅपटॉप घेऊन गेली. छातीचे स्नायू आखूड राहायला शिकतात. पाठीचे, फऱ्या मागे ओढणारे, ताणलेल्या स्थितीत सतत जोर लावत राहतात आणि थकतात. ओरडतात ते हे थकलेले. आई दोन वर्षं माझ्या पाठीला तेल चोळत होती, बिचारी. चोळल्यावर रात्रभर बरं वाटायचं आणि सकाळी अकराच्या मीटिंगपर्यंत परत तेच. गुन्हेगार पुढच्या दाराने मोकळा आणि आम्ही मागच्या दाराला बाम लावतोय.

व्लादिमीर यांडा नावाचे प्रागचे एक डॉक्टर होऊन गेले, त्यांनी हा नमुना फार वर्षांपूर्वी मांडून ठेवला आहे. बाजूने बघितलं तर मानेमागचे आणि छातीचे आवळलेले स्नायू एका तिरक्या रेघेत येतात, मानेच्या पुढचे आतले आणि फऱ्यांखालचे दुबळे पडलेले दुसऱ्या. दोन रेघांची फुली होते. गंमत म्हणजे यांडांना स्वतःला किशोरवयात पोलिओ झाला होता. एक स्नायू गेला की दुसरे कसं सांभाळून घेतात, हे त्यांनी आधी स्वतःच्या अंगावर पाहिलं असणार.

आणखी एक गोष्ट मला फार पटली. माऊस हलवायला ताकद लागत नाही, मग खांदा का भरून यावा? स्नायूतले सगळे तंतू एकदम कामाला लागत नाहीत. हलकं काम असेल तर लहान तंतूंचे गट आधी उठतात, आणि काम संपेपर्यंत तेच राबतात. मोठे गट जड कामासाठी राखून ठेवलेले. गोरान हॅग या स्वीडिश संशोधकाने १९९१ मध्ये या कल्पनेला सिंड्रेलाचं नाव दिलं: सगळ्यांत आधी उठणारी आणि सगळ्यांत शेवटी झोपणारी. आपल्या घरांत सिंड्रेला कोण, हे मी लिहायची गरज नाही. तर काम हलकं आहे म्हणूनच ते त्याच त्या तंतूंवर पडतं, आणि मधे सुट्टी मिळाली नाही तर तेच झिजतात.

मी व्हॉट्सॲपवर आलेलं ते चित्रही दाखवलं. तुमच्याही ग्रुपवर आलं असेल: मान ६० अंश वाकवून मोबाइल बघितला तर मानेवर २७ किलो वजन पडतं. बाई हसल्या. तो न्यूयॉर्कच्या केनेथ हन्सराज या सर्जननी २०१४ साली संगणकावर केलेला हिशेब आहे. डोकं साडेचार-पाच किलोचं, ते पुढे गेलं की मागच्या स्नायूंना जास्त जोर लावावा लागतो, हे खरंच; पण वाकलेल्या मानेच्या प्रत्येक माणसाचं दुखतं असं नाही आणि ताठ बसणाऱ्या प्रत्येकाचं थांबतं असंही नाही. बाईंचं म्हणणं एवढंच की, वाकण्यात पाप नाही. तेच ते वाकणं तीन-तीन तास न हलता, यात त्रास आहे.

इथे मी जरा रागावलो. कारण लहानपणापासून "ताठ बस" हे वाक्य मी शाळेत, जेवणाच्या पाटावर, शुभंकरोतीला, सगळीकडे ऐकलंय आणि आता माझ्या मुलीला दिवसातून दहा वेळा ऐकवतो. बाईंनी मला ताठ बसायला सांगितलं, मी बसलो. पाच मिनिटांत म्हणाल्या, "अब बोलो, आराम है?" नव्हता. काठीसारखं ताठ बसणं ही पुन्हा एक न हलण्याचीच तऱ्हा. सिंड्रेला तिथेही राबतेच आहे. म्हणजे मुलीला मी दहा वेळा जे सांगतो ते फारसं उपयोगाचं नाही, त्याऐवजी दहा वेळा तिला काहीतरी आणायला उठवावं. ती सध्या पाचव्यांदा उठायला नकार देते, तो वेगळा विषय.

दुसऱ्या खेपेला नाना बरोबर आले. मला सोडायला आलो असं म्हणाले. खरं म्हणजे त्यांना त्या बाई माझं माप कसं घेतात ते बघायचं होतं. बाईंनी मला पाठीवर लोळवून हात डोक्यावर न्यायला सांगितले, आणि नाना खुर्चीतून सूचना देऊ लागले, उजवा खांदा अर्धा इंच खाली आहे म्हणून. बाईंनी मोजलं. अर्धा इंच. पण उजव्या हाताने काम करणाऱ्या पुष्कळांचा उजवा खांदा थोडा खालीच असतो, त्याची काळजी नको, असं त्या म्हणाल्या. नाना म्हणाले, "ते मला माहीत आहे. मी डाव्या पॅडला कमी आणि उजव्या पॅडला जास्त कापूस देतो." तेव्हा बाईंना कळलं की समोर कोण बसलंय.

त्यांनी नानांना चप्पल काढायला सांगितली. नानांच्या दोन्ही पायांना, करंगळीच्या मुळाशी बाहेरच्या बाजूला, एकेक टणक गाठ आहे. लहानपणापासून मी ती बघतोय. मला वाटायचं सगळ्यांच्या बाबांना असते. बाई म्हणाल्या, हिचं इंग्रजीतलं नावच 'टेलर्स बनियन' आहे, शिंप्याची गाठ. पूर्वीचे शिंपी दिवसभर मांडी घालून जमिनीवर बसत आणि पायाची ती कड जमिनीला घासत राही, म्हणून हे नाव. मग त्यांनी स्वतःच्या मांडीवर बोटाने एक रेघ काढली, कंबरेच्या बाहेरच्या हाडापासून तिरकी गुडघ्याच्या आतल्या बाजूपर्यंत. शरीरातला सगळ्यांत लांब स्नायू. मांडी घालायला पाय जसा वळवतो, तो वळवणारा. त्याचं नाव सार्टोरियस. लॅटिनमध्ये सार्टर म्हणजे शिंपी.

नाना दुकानात पहिली पंधरा वर्षं लाकडी फळीवर मांडी घालून हातशिलाई करत. काज, अस्तर, कॉलरचा कॅनव्हास. नंतर मशीन आलं, तरी फिनिशिंग खालीच. त्यांनी त्या रेघेकडे बघितलं आणि विचारलं, "हे डॉक्टरांच्या पुस्तकात आहे?" आहे म्हटल्यावर काही वेळ ते बोललेच नाहीत. घरी आल्यावर आईला, शेजारच्या काकांना, आणि फोनवर बहिणीच्या होणाऱ्या सासऱ्यांना सांगून झालं की सगळ्यांत लांब स्नायू शिंप्याच्या नावावर आहे.

पण त्याच दिवशी बाईंनी नानांना दोन्ही हात वर करायला सांगितले होते. डावा कानापर्यंत गेला. उजवा खांद्याच्या जरा वर गेला आणि थांबला. नानांनी शर्ट झटकल्यासारखं करून विषय बदलला. तेव्हा मला आठवलं की वर्षभर त्यांनी माळ्यावरचं काही स्वतः काढलेलं नाही, आईला हाक मारतात. देवघरातल्या वरच्या फोटोला हार घालणं त्यांनी माझ्यावर सोपवलं, तेव्हा मला वाटलं होतं की मुलगा मोठा झाला म्हणून. ज्या हाताने माझी बीईची फी भरली तो हात कुठवर जातो, हे मला परक्या बाईच्या दवाखान्यात कळलं. माझी खूण त्यांनी वहीत तरी नोंदवली होती. मी त्यांची कुठेच नोंदवली नव्हती.

नानांचा खांदा माझ्यापेक्षा जुना. तिथे नुसते आखडलेले स्नायू नाहीत, सांधाच घट्ट झालेला आहे. बाईंनी स्पष्ट सांगितलं की पूर्वीसारखा होईल असं नाही, पण आणखी वर जाईल. जेवढा जातो तेवढा रोज न्यायचा, भिंतीवर बोटं चालवत.

आता मी काय केलं ते थोडक्यात. लॅपटॉप आईच्या जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर ठेवला, म्हणजे स्क्रीन डोळ्यांसमोर आली, आणि साधा वेगळा कीबोर्ड घेतला. खुर्चीचे हात खाली केले. टेबलावरची दोन लिटरची बाटली काढून तांब्या-भांडं ठेवलं, म्हणजे पाण्यासाठी उठावंच लागतं. कोड बिल्ड व्हायला लागला की मी उभा राहतो. आमचा बिल्ड फार हळू चालतो, याबद्दल पहिल्यांदाच मला कंपनीचे आभार मानावेसे वाटले. रात्री मोबाइल कोपर दुमडून धरत नाही. बोटांच्या मुंग्या यानेच महिन्याभरात गेल्या. व्यायाम तीनच: दाराच्या चौकटीला दोन्ही हात लावून छाती पुढे ढकलायची, अर्धा मिनिट, भिंतीशी उभं राहून हनुवटी आत घ्यायची, वर नाही, आणि खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून दोन्ही हातांनी मागे ओढायचा, वल्हं मारल्यासारखा. तिसरा सगळ्यांत महत्त्वाचा. नुसतं ताणून भागत नाही, जे दुबळे झालेत त्यांना कामही द्यावं लागतं. पहिले तीन आठवडे काही फरक नाही. मी सोडणार होतो. सोडलं नाही, कारण रोज सकाळी मागच्या खोलीत नाना माझ्याआधी येऊन भिंतीवर बोटं चालवत असत.

भिंतीवर रोज जिथवर बोट पोचेल तिथे ते शिंप्याच्या निळ्या खडूने रेघ मारत. शेजारी तारीख. आईने दिवाळीच्या रंगकामात ती भिंत तेवढी सोडायला लावली. "नवरा-मुलगा दोघांनी मिळून भिंतीचं माप काढलंय," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. ऑगस्टातली पहिली रेघ आणि नोव्हेंबरातली शेवटची यांच्यात सात इंच. देवघरातल्या फोटोपर्यंत अजून चार हवेत.

नोव्हेंबरच्या शेवटी कोटाची ट्रायल झाली. कच्ची शिलाई, एकच बाही. नाना मागे गेले, कॉलरवर हात फिरवला, फऱ्यांच्या मधे कापड चिमटीत धरलं. पाव इंच कापड हातात आलं.

त्यांनी टेप काढली. पुढची रुंदी पावणेपंधरा. पाठीची लांबी साडेसतरा. मी विचारलं, कमी झालं ना? ते म्हणाले, "पाव इंच तर श्वासाचा असतो. थांब." पुन्हा घेतलं. आणि पुन्हा. तीनदा तेच आलं, तेव्हा वहीत लिहिलं. धनुष्याची खूण मात्र केली; तेवढ्याने ती जात नाही म्हणाले, आणि ते खरंच आहे, भिंतीला डोकं लावताना मला अजून प्रयत्न करावा लागतो.

मी म्हटलं, मग ते पाव इंच कापून टाका, फिटिंग छान येईल. नानांनी चिमटीतल्या कापडावर खडूची रेघ मारली आणि टाचणी लावली. कापलं नाही. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्यात ते ढकललं. शिंपी लोक त्याला माया म्हणतात.

"आत राहू दे," ते म्हणाले. "मार्चमध्ये तुझा रिलीज असतो ना? लागेल परत."